पाठीवरची नावं

आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आक्का त्याला बसा म्हणत नसत. आधी त्याच्या अंगावरचा कपडा न्याहाळत. बाहीच्या कडेला एखादा सुटलेला धागा दिसला की तो ओढून घेत आणि काडी पेटवून त्याला लावत. धाग्याची कागदासारखी राख झाली तर कापूस. आकसून त्याची काळी, कडक गुठळी झाली तर पॉलिस्टर. हे चालू असताना ते गिऱ्हाईक हात पुढे करून, दवाखान्यात रक्त तपासायला आल्यासारखं मुकाट उभं असे.

एकदा एक पुढारी आले. बरोबर चार कार्यकर्ते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आक्कांनी त्यांचाही धागा ओढला, जाळला, आणि गुठळी बोटावर घेऊन त्यांच्यासमोर धरली.

"सायेब, खादी म्हणून घेतलासा काय?"

"व्हय. का?"

"निम्मं प्लास्टिक हाय. जाळाजवळ जाऊ नगासा."

त्यांना वाढदिवसासाठी शंभर हूड्यांवर स्वतःचा चेहरा हवा होता, छातीभर. आक्कांनी टेबलावर एक हूडी पसरली आणि पोटावरच्या मोठ्या खिशाची शिवण दाखवली. चेहरा एवढा घेतला तर हनुवटी शिवणीवर येते, आणि शिवणीवर शाई सरळ बसत नाही, असं सांगितलं.

"बसवा की मग. तेवढ्यासाठीच आलोय न्हवं?"

"तोंड ल्हान करा, बसंल."

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. पुढारी गेले ते परत आले नाहीत. मी म्हटलं, "आक्का, शंभर नग होते." त्या म्हणाल्या, "शंभर हनुवट्या फुटल्या आसत्या."

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत, काही जण सरळ येडी म्हणत. त्या गेल्यावर तेच लोक दुकानात येऊन "फार प्रेमळ होत्या" असं सांगू लागले. मी तसं लिहिणार नाही. आक्का प्रेमळ नव्हत्या. फटकळ होत्या, हट्टी होत्या, आणि वाईट काम हातून जाऊ देण्यापेक्षा गिऱ्हाईक जाऊ देत. माणूस गेला की त्याचे कोपरे घासून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. कोपरे हेच तर त्यांचं सगळं होतं.

त्या मूळच्या चंदगडकडच्या. तरुणपणी कोल्हापुरात येऊन एका शिलाई कारखान्यात लागल्या, मग स्वतःची यंत्रं घेतली, आणि पन्नाशीनंतर, लोक देवदेव करायच्या वयात, कपड्यावर थेट छापणारं यंत्र घेतलं. हे यंत्र म्हणजे कागदावर छापणाऱ्या प्रिंटरचाच थोरला भाऊ. कपडा एका फळीवर ताणून ठेवायचा, फळी आत जाते, आणि शाई सोडणारं डोकं कापडाच्या अगदी जवळून, केसभर अंतरावरून फिरतं. मी त्याआधी एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. तो छापखाना बंद पडला तेव्हा कसबा बावड्याच्या वाटेवरच्या या दुकानात, संगणकावर मजकूर लावायला कुणी हवं आहे असं ऐकून आले. आक्कांनी माझा धागा जाळला. सुती निघाला. "उद्यापासनं ये," म्हणाल्या. मला त्या मास्तरीण म्हणत. मी कधी कुठे शिकवलेलं नाही, पण पुस्तक वाचत जेवणारी बाई त्यांच्या हिशेबी मास्तरीणच.

हूडीला त्या कुंची म्हणत. तान्ह्या बाळाला घालतात ती कुंची. तालमीतली दंडाला बेटकुळ्या आलेली पोरं "आक्का, आमच्या हूड्या झाल्या काय?" विचारत आली की त्या आतून ओरडत, "झाल्या. कुंच्या घेऊन जावा. तीट लावून देऊ काय?" पोरं लाजत. पण छापा बघून गप्प होत.

नव्या प्रकारचं कापड आलं की त्यावर एक नमुना छापून आक्का तो स्वतः आठवडाभर घालत. ऋतू कुठलाही असो. भर एप्रिलात सुती लुगडं, वर काळी हूडी, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, अशा त्या मंडईत जात. भाजीवाली विचारायची, "आक्का, थंडी वाजायल्या व्हय?"

"न्हाय. तुझं दर ऐकून अंगावर काटा आला."

त्यांचं म्हणणं असं की टेबलावर सगळेच छापे चांगले दिसतात. कापड अंगावर हलतं, वाकतं, घामेजतं, तेव्हा छापा खरं बोलतो. "ही पावडर न्हवं," त्या म्हणत, "गोंदण हाय."

हूडी म्हणजे जाड टी-शर्ट, असं समजून छापणारे गावात बरेच होते आणि त्यांच्याकडून बिघडलेले नग शेवटी आमच्याकडे येत. आक्कांनी मला पहिला महिनाभर यंत्राला हातच लावू दिला नाही. फक्त कापड हाताळायला लावलं. हूडीचं कापड ओल धरतं, म्हणून आधी गरम दाबयंत्राखाली घालून त्यातली वाफ काढायची. त्यानेच वरची लव बसते. उरलेली चिकट रोलरने उचलायची, कारण एक केस जरी उभा राहिला तरी धुतल्यावर तो शाई फोडून वर येतो. मग पांढऱ्या शाईखाली जे द्रावण फवारतात ते असं फवारायचं, की कापड ओलं व्हावं पण भिजू नये. कमी पडलं तर रंग कापडात बुडतो, जास्त झालं तर पिवळा डाग राहतो. नाडी आत खोचायची. आणि खिसा, चेन, शिवणी यांतलं काही फळीवर येता कामा नये, नाहीतर शाईचं डोकं त्यावर आपटतं. त्यासाठी त्यांनी सुताराकडून एक अरुंद फळी करून घेतली होती आणि तिला पाट म्हणत. कुंची पाटावर बसली की खिसा आणि शिवणी दोन्ही बाजूंना खाली लोंबत. "नवरीवाणी बशीवली पायजे," त्या म्हणत. "वरनं सपाट, खालनं काय आसंल ते आसू दे."

छापून झालेला एक नग त्या मागच्या नळावर धूत. हाताने, साध्या वडीच्या साबणाने, दगडावर आपटून. मी म्हटलं होतं, आता घरोघरी मशीन आहे. त्यावर त्यांनी मला विचारलं, "घरोघरी म्हंजे कुणाच्या घरोघरी?"

त्या सात जणी आल्या तेव्हा हा प्रश्न मला नीट समजला.

दिवाळी नुकतीच झाली होती. पहाटे रस्ते झाडणाऱ्या सात बायका दुपारी दुकानात आल्या. त्यांच्या ठेकेदाराने दिवाळीची भेट म्हणून सगळ्यांना नारिंगी हूड्या दिल्या होत्या. पाठी कोऱ्या होत्या. त्यावर तो पुढे नंबर छापून घेणार होता, एक ते सात. बायकांना नंबर नको होते. त्यांना नावं हवी होती.

"हजेरी झाली की मुकादम नंबरानंच हाक मारतोय," त्यांच्यातली एक म्हणाली. "आन् लोक 'ए बाई' म्हणत्यात. धा वर्सं त्याच गल्लीत झाडतोय मी." आमच्याकडे बायका आलो, गेलो, झाडतो असंच बोलतात.

आक्कांनी वही माझ्याकडे सरकवली. मी एकेकीचं नाव उतरून घ्यायला लागले. एक म्हणाली, अक्षर मोठं काढा, शाळेला जाताना पोरीला लांबनं वाचाय आलं पायजे. दुसरीला मी सवयीने विचारलं, मधे नवऱ्याचं नाव घालायचं का?

"त्याचं कशाला? तो काय झाडतोय व्हय?"

सगळ्या हसल्या. सगळ्यांत शेवटी एक साठीला टेकलेली, बारीक चणीची बाई उभी होती. तिला बाकीच्या सुमनमावशी म्हणत होत्या. मी "सुमन" असं लिहायला लागले तशी ती म्हणाली, "ते न्हाय. हिरा घाला."

"हिरा कोण गं?" शेजारचीने विचारलं.

"मीच. लगीन झालं तवा ताटातल्या तांदळात सुमन लिवलं. मला कुणी इचारलं न्हाय."

आक्कांनी विचारलं, "हजेरीत सुमन हाय न्हवं?"

"हजेरीत आसू दे. पाठीवर हिरा घाला."

"पाठीवरचं तुला दिसणार न्हाय."

"दुसऱ्यास्नी दिसू दे की."

आक्कांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ते नाव त्यांनी स्वतः लिहिलं. अक्षरं पांढरी ठरली. काळी जास्त सोपी गेली असती, पण पहाटेच्या अंधारात गाडीच्या दिव्यात काळं वाचता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदार आला. तो काही दुष्ट दिसणारा माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "आक्का, नावं नको. उद्या एखादी बाई कमी केली तर तिची हूडी दुसरीला देता येती. नाव घातलं की ती तिचीच झाली."

"म्हणूनच घालायचं की."

"दिल्यात मी त्या."

"दिवाळीला दिलेली वस्तू परत मागतासा व्हय, पावणं? कुठलं गाव तुमचं?"

तो म्हणाला, बघू, महिना संपला की एक तारखेला सगळ्या हूड्या गोळा करून नंबर छापून घेतो. नावावरच छापतो. आणि गेला.

याच सुमाराला आक्का भाताच्या सुगीसाठी गावी गेल्या. जाताना नेहमीचंच एक वाक्य बोलल्या: धागा जाळल्याशिवाय पाटावर कापड घ्यायचं नाही. मी हो म्हटलं. बायकांना घाई होती, थंडी पडायला लागली होती. मी हूड्या उघडल्या. मानेच्या पट्टीवर स्वच्छ छापलेलं होतं: शंभर टक्के कॉटन. मी वाचलं, आणि मला ते पुरलं. आयुष्यभर छापलेल्या अक्षरावर जगलेली बाई मी. काडी पेटवली नाही. आक्कांच्या पद्धतीने बाकी सगळं केलं आणि सुती कापडाला देतात तेवढी उष्णता देऊन शाई पक्की केली. नावं सुंदर उठली. बायका एकमेकींच्या पाठी वाचत, एकमेकींना ढकलत गेल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पंधरा दिवसांत अक्षरं मोतिया झाली, मग नारिंगी, मग कापडात जवळजवळ दिसेनाशी. कापडात पॉलिस्टर होतं. त्याचा रंग उष्णतेने वाफ होऊन वर चढतो आणि पांढरं खाऊन टाकतो. ठेकेदार बायकांना म्हणाला, "बघा, नावं विरघळली. नंबराला जागा मोकळी झाली." सातही जणी दुकानात आल्या आणि त्यांनी हूड्या घड्या करून टेबलावर ठेवल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हिराबाई मला एवढंच म्हणाल्या, "आसू दे बाई. माझं नाव टिकत न्हाय कुठं."

आक्का त्याच संध्याकाळी गावाहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी धागा ओढला, जाळला, आणि गरम गुठळी माझ्या तळहातावर ठेवली.

"पट्टीवर कॉटन छापलं होतं," मी म्हटलं.

"छापलेलं सगळं खरं आसतं व्हय गं? आपण छापतोय की. आपल्यालाच म्हाईत न्हाय?"

एवढंच. पुढे त्या मला कधी त्यावरून बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेलं. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

त्या नऊ दिवसांत आक्कांनी दुसरं काम घेतलं नाही. बाजारातून तशाच कापडाची आणखी एक नारिंगी हूडी आणली आणि तिच्यावर प्रयोग सुरू केले. उष्णता कमी केली तर शाई पक्की होईना, धुताना पापुद्रे निघत. वाढवली की पांढरं नारिंगी होई. यंत्र विकणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं, या कापडावर पांढरं टिकत नाही, नाद सोडा. आक्का म्हणाल्या, "तुमी यंत्र इकता. कापडाचं मला सांगू नगासा."

पाचव्या दिवशी त्यांना वाट दिसली. रंग वर येणारच असेल तर छापायच्या आधीच येऊ दे. त्यांनी हूडीची उरलेली कोरी बाजू दाबयंत्राखाली घातली, वर कागद ठेवला, कापड चमकणार नाही एवढ्याच आचेवर दाबली. कागद उचलला तर त्याला नारिंगी डाग. दुसरा कागद, तिसरा. कागद कमी पडले तेव्हा मी घरून माझ्या जुन्या प्रुफांचे गठ्ठे आणले. कोऱ्या बाजूला रंग घेत घेत अकराव्या कागदावर काहीच उमटलं नाही. मग द्रावण, मग पांढऱ्या शाईचा एक पातळ हात, थांबून दुसरा. आणि पक्कं करायला कमी आच, पण दुपटीहून जास्त वेळ, जोर न देता. आक्का दाबयंत्राशेजारी स्टूल टाकून बसत, भाकरीवर ठेवावी तशी नजर ठेवून.

तो नमुना त्यांनी दगडावर पंचवीस वेळा धुतला. शेवटच्या धुण्यानंतर हात सोलवटले होते. अक्षर पांढरंच होतं. मग सातही हूड्या त्याच क्रमाने, जुन्या विटलेल्या नावांवर तंतोतंत, अक्षरावर अक्षर बसवून छापल्या. ते बसवायचं काम माझं होतं. काना काना जुळवताना मला कळलं की प्रुफं तपासताना मी इतकं कधीच बारीक बघितलं नव्हतं. एक तारखेच्या आदल्या दिवशी बायका आपापली हूडी घेऊन गेल्या. हिराबाईंनी नखाने "हि"ची वेलांटी खरवडून बघितली. आक्का म्हणाल्या, "दात लावून बघ पायजे तर."

एक तारखेला हजेरीच्या जागी काय झालं ते हिराबाईंनीच दोन दिवसांनी सांगितलं. मुकादमाने हूड्या काढून द्या म्हटलं. सातही जणींनी पाठ फिरवली आणि तशाच उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून. तो वैतागून हजेरी घ्यायला लागला. त्याने "सुमन" म्हटलं, कुणी ओ दिली नाही. पुन्हा म्हणाला. बाकीच्या सहा जणी हसायला लागल्या. शेवटी त्याने पुढे होऊन पाठ वाचली आणि विचारलं, "ही हिरा कोण?"

"हजर," हिराबाई म्हणाल्या.

हूड्या सातही जणींच्या अंगावरच राहिल्या. आक्कांनी हे ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "किती येळा धुतली?"

त्यानंतर दोन हिवाळे गेले. गेल्या पावसाळ्यात आक्का आजारी पडल्या आणि चार दिवसांत गेल्या. दवाखान्यात त्यांना घातलेला अंगरखा त्यांनी दोन बोटांत चुरगळला आणि मला म्हणाल्या, "मिक्स हाय. घाम येतोय." ते माझ्याशी बोललेलं शेवटचं. लोकांना यात काही थोर हवं असतं, म्हणून मी हे कुणाला सांगत नाही. इथे लिहिते, कारण ते खरं आहे.

दुकान मी चालवते. मला ओरडता येत नाही, गिऱ्हाइकाला टोमणा मारता येत नाही. अनेक जण मला म्हणाले, आता जरा लोकांच्या कलाने घ्या, आक्कांची गोष्ट वेगळी होती. मी ऐकून घेते आणि काडी पेटवते.

मागच्या महिन्यात त्या ठेकेदाराचा नवा माणूस आला. पिशवीतून एक नारिंगी हूडी काढून टेबलावर टाकली. हिराबाईंची. हातमोजे मागितले म्हणून त्यांना कामावरून कमी केलं होतं आणि हूडी काढून घेतली होती, हे त्याच्याच तोंडून कळलं. पाठीवर थिनरचा वास येत होता, एका कडेला इस्त्रीने भाजल्याची खूण होती. नाव जसंच्या तसं होतं.

"काय लावलंय ह्याला? निघंना झालंय," तो म्हणाला. "काढून द्या. दुसऱ्या बाईला द्यायचीय."

"निघत नाही ते."

"मग वरनं काळा पट्टा मारा. तेवढं तर जमतंय न्हवं?"

जमत होतं. पाच मिनिटांचं काम होतं. यंत्र चालूच होतं. मी हूडी उचलून छातीशी धरली.

"पट्टा मारणार नाही," मी म्हटलं. "आणि ही तुम्हाला परत मिळणार नाही. ही हिराबाईंची आहे."

"कशावरनं तिची?"

मी हूडी उलटी केली, दोन्ही हातांनी ताणली आणि पाठ त्याच्या तोंडासमोर धरली.

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्याने वाचा."

त्याने वाचेपर्यंत मी ती खाली घेतली नाही. तो गेल्यावर दुकानाला कुलूप लावलं आणि हिराबाईंची वस्तू हिराबाईंना नेऊन दिली.